नऊ खेळतात, तीन बसतात

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी पाचवीपासून खो-खो खेळते. दहावीत असताना आमच्या शाळेचा सतरा वर्षांखालील मुलींचा संघ विभाग जिंकून राज्याला गेला, त्यात मी होते. अकरावीला सायन्स घेतलं. क्लासवाल्यांनीच कॉलेजचा प्रवेश करून दिला, कॉलेजला फक्त प्रॅक्टिकलपुरतं जायचं. तिथे मैदान नाही, संघ नाही. त्यामुळे यंदा शालेय स्पर्धा खेळताच आली नाही. सकाळी क्लबच्या मैदानावर जाते, तेवढंच. पप्पा यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. पप्पा म्हणतात, आता बारावी आहे, बूट माळ्यावर टाक. क्लबचे सर म्हणतात, बारावी झाली की पुण्याला जा, खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेज मिळेल, इथे राहून काही होत नाही. मैदानावर येणारे एक जण म्हणतात, गोव्याला राष्ट्रीय स्पर्धा आहे, साडेआठ हजार भरले की जाणं-येणं, ट्रॅकसूट आणि प्रमाणपत्र, पुढे नोकरीला उपयोगी पडतं. मामेभाऊ अमेरिकेतल्या कॉलेजांच्या रील पाठवतो, तिथे म्हणे खेळलं की शिक्षण फुकट. माझ्याकडे चार प्रमाणपत्रं आहेत. मला कॉलेजात खेळायला मिळेल का? पुण्याला जाऊ का? आणि पप्पांना काय सांगू? त्यांनी मला खेळताना कधी पाहिलेलं नाही.
– एक खेळाडू, अशोक चौक, सोलापूर

उत्तर :

अगं, आधी एक तक्रार करते, मग बाकीचं.

तुझ्या पत्रात प्रमाणपत्रं चार आहेत, पण पळतीला, म्हणजे बचावात, तू बाद न होता किती मिनिटं टिकतेस हे कुठेच नाही. बचावाला तिघी-तिघींच्या तुकड्या उतरतात, तू पहिल्या तुकडीत असतेस की तिसऱ्या? बसलेल्यांमधून साखळीत, नागमोडी पळतेस की हुलकावणीवर? आक्रमणात गडी खांबापाशी बाद करतेस की सूर मारून? राज्याच्या त्या स्पर्धेत तू किती सामने प्रत्यक्ष खेळलीस? यातलं काहीच लिहिलं नाहीस. सव्वीस वर्षं मी कॉलेजात शारीरिक शिक्षणाचं काम केलं. जून-जुलैत मुली फाइल घेऊन यायच्या. फाइल बाजूला ठेवून मी एकच विचारायचे, "किती पळतेस?" जी मुलगी "अडीच मिनिटं, दुसऱ्या डावात थोडं कमी" असं चटकन सांगायची, तिची फाइल मी नंतर सावकाश बघायचे. जी "मॅडम, मी राज्य खेळलेय" एवढंच सांगायची, तिला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर बोलवायचे. बऱ्याच जणी यायच्याच नाहीत.

तेव्हा आजपासून एक शंभर पानी वही कर. क्लबात सराव सामना झाला की गुणपत्रक लिहिणाऱ्या पोरीच्या शेजारी बस आणि आपला वेळ उतरवून घे. तारीख, समोर कोण होतं, पळती किती, बाद कशी झालीस, गडी किती मारलेस, मैदान मातीचं की मॅटचं. हल्ली मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि मातीत वाढलेल्या मुलींचे पाय तिथे पहिले दोन दिवस ऐकत नाहीत, म्हणून तेही लिही. ही वही तुला पुढे दोनदा लागणार आहे. कुठे, ते सांगतेच.

आता तुझ्या अकरावीबद्दल. यंदा तुला स्पर्धा खेळता आली नाही, याचं खापर तू मनातल्या मनात स्वतःवर फोडत असशील. तुझ्यात काही कमी नव्हतं. धावपटू एकटी असली तरी तिचं कॉलेज तिचं नाव पाठवू शकतं. खो-खोत एकटीला जाता येत नाही. शालेय स्पर्धेत उतरायचं तर कॉलेजनं संघ घडवायला हवा, नोंदणी करायला हवी, आणि बरोबर जायला शिक्षक हवा. क्लास आणि कॉलेज मिळून जी हजेरीपुरती सोय चालते, तिच्यात हे कोण करणार? प्रवेशाच्या दिवशी निकालाची टक्केवारी विचारली गेली, मैदान कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. तूही नाही, पप्पांनीही नाही. अकरावीत एक वर्ष गेलं. पदवीच्या प्रवेशाला हीच चूक झाली तर तीन वर्षं जातील, म्हणून हे उगाळतेय.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. १९८२ सालची गोष्ट. तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठाच्या निवडीला गेलं की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलींशी गाठ पडायची, आणि त्या वाघिणी होत्या. कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा पुण्याला जा. गेले. नामवंत कॉलेज, नाव सांगत नाही. संघ उत्तम, मैदान उत्तम. आमच्या वेळी संघात बारा जणी असायच्या. नऊ खेळायच्या, तीन बसायच्या. बसणाऱ्या तिघींत मी. दोन वर्षं मी बूट घालून, नाड्या घट्ट बांधून, बाकड्यावर बसून राहिले. पाण्याचा घडा भरून आणायचं काम माझ्याकडे होतं. घरी पत्र लिहायचे तेव्हा "आम्ही जिंकलो" असं लिहायचे, आणि ते खोटं नव्हतं. तिसऱ्या वर्षी संधी आली, तेव्हा पाय जड झालेले होते. रोज सराव होता, पण सामन्यात पळायचं अंग निराळं असतं, ते बसून बसून गेलं.

म्हणून पुण्याचा विषय निघाला की मी नकाशा काढते. तुझ्या सरांचं म्हणणं मी धुडकावत नाही, पण हा नकाशा त्यांनी तुला दाखवलेला दिसत नाही.

आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं आणि त्याचं कार्यक्षेत्र आहे एकच जिल्हा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक, असे तीन. आता कॉलेजातला खेळ वर कसा सरकतो ते बघ. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिच्यातून निवड चाचणी आणि शिबिर, मग विद्यापीठाचा संघ. तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्राशिवाय गुजरात, राजस्थानसारख्या राज्यांतली विद्यापीठं असतात. तिथून वर आलेले संघ अखिल भारतीय खेळतात. शिवाय आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा आहे, तिच्यातही खो-खो आहे. या प्रत्येक ठिकाणी पुण्याचा संघ एक आणि सोलापूरचाही एकच. तीन जिल्ह्यांतून निवडलेल्या संघात घुसायचं की एका जिल्ह्यातून? तू पुणे शहरातल्या क्लबांत लहानपणापासून मॅटवर खेळलेल्या मुलींपेक्षा सरस असशील तर खुशाल जा, तुला कोण अडवतंय. पण तसं आहे का, हे तुझी वही सांगेल. वही लागते ती पहिली जागा ही.

सोलापूर सोपं आहे, असं मात्र समजू नकोस. माळशिरस, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा इकडच्या मुली ज्वारीच्या रानात पळून वाढलेल्या असतात. शहरातल्या आपल्या मुली त्यांच्यापुढे दमाला कमी पडतात, हे मी अनेकदा पाहिलंय. पण त्यांच्यातून वर येणं तुझ्या आवाक्यातलं आहे. एकदा विद्यापीठाची कलर होल्डर झालीस, म्हणजे विद्यापीठाच्या संघात आलीस, की राजस्थान-गुजरातच्या मुलींसमोर प्रत्यक्ष पळायला मिळेल. माझ्या वाट्याला बाकडंच आलं होतं.

सरांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. रोजचा सराव ज्यांच्याशी होतो, तशी आपली पातळी ठरते. इथे तुला दमवणारं कुणी नसेल तर तू तीन वर्षं आपल्याच गल्लीत राणी होऊन बसशील. त्यावर माझा उपाय असा, की कॉलेज सोलापुरात ठेव आणि सुटीत बाहेर जा. उन्हाळी शिबिरं असतात, निमंत्रित स्पर्धा असतात. हुतात्मा एक्स्प्रेसनं चार-साडेचार तासांत पुणं येतं. पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करायचं ठरवलंस तर तेव्हा पुण्याला जा, तोवर तू एकटी राहण्याइतकी मोठीही झालेली असशील. हे माझं मत आहे. तुझे सर चिडले तर त्यांना माझ्याकडे पाठव.

आणि कोटा, कोटा काय चाललंय? अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. त्यावरून सगळे धरून चालतात की पुढेही तसंच असणार. पदवीला प्रत्येक कॉलेजाची रीत वेगळी. कुणी चाचणी घेतं, कुणी फीमध्ये सवलत देतं, कुणी फक्त सत्कारात शाल देतं. पुण्याच्या एखाद्या कॉलेजाचं नाव सरांच्या डोक्यात असेल तर त्यांना सांग, "सर, तिथल्या शारीरिक शिक्षण संचालकांना फोन करून विचारा." "मिळेल" आणि "मिळतं" यात एक फोनचं अंतर असतं.

इथली कॉलेजं बघायला मात्र तू स्वतः जा, आणि प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नकोस. तेव्हा सगळीकडे रांगोळ्या असतात. सप्टेंबरच्या आसपास जा, पहाटे किंवा संध्याकाळी पाचनंतर. मैदानावर मुली आहेत का? की मुलांचं क्रिकेट चालू आहे आणि खो-खोचे खांब कुंपणाला टेकवून ठेवलेत? संचालकांचं पद भरलेलं आहे का, की एखादे मराठीचे सर अतिरिक्त कार्यभार सांभाळतायत? अनेक कॉलेजांत ही जागा वर्षानुवर्षं रिकामी असते आणि संस्था ते माहितीपत्रकात छापत नाहीत. गेल्या वर्षी मुलींचा खो-खो संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरला होता का, हे ऑफिसात विचारू नकोस, मैदानावरच्या मुलींना विचार. त्या खरं सांगतात. बसला कोण बरोबर येतं, परत यायला किती वाजतात, कपडे बदलायला खोली आहे का, हेही विचारून घे. ही उत्तरं तुझ्यापेक्षा पप्पांना जास्त लागतील.

तू पुढे काय शिकणार, हे पत्रात लिहिलंच नाहीस! सायन्स घेतलंस ते आवडीनं की क्लासवाल्यांनी सांगितलं म्हणून, ठाऊक नाही. त्यावर बरंच ठरतं. सोलापुरातलं प्रत्येक कॉलेज सोलापूर विद्यापीठाचं असतं, असं नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, मेडिकल घेतलंस तर विद्यापीठ नाशिकचं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, आणि त्याचं कार्यक्षेत्र अख्खं राज्य. काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली असतात. तिथेही खेळता येतं, पण मग तो एका जिल्ह्याचा हिशोब तुझ्या कामाचा नाही. बी.एस्सी. केलीस तर प्रॅक्टिकल दुपारी लांबतात आणि मैदान साडेपाचला सुरू होतं, त्याची सांगड कशी घालतात हे तिथल्या खेळणाऱ्या मुलींनाच विचार. बी.ए., बी.कॉम.च्या मुलींना वेळ जास्त मिळतो, म्हणून संघात त्याच भरपूर दिसतात. खेळासाठी विषय बदल, असं मी सांगणार नाही. पण बारावीनंतर सायन्स नकोच आहे असं आतून वाटत असेल, तर ते खेळाच्या आड न लपवता सांग. वय तुझ्या बाजूने आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचवीस वर्षांखालची विद्यार्थिनी चालते.

आता ते गोव्याचे गृहस्थ.

त्यांना एक प्रश्न विचार: "निवड चाचणी कधी झाली?" खऱ्या राष्ट्रीय स्पर्धेला पैसे भरून जाता येत नाही. जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धेला जातो, तिथून राज्याचा संघ निवडला जातो, तो राष्ट्रीय खेळतो. शालेय स्पर्धांचीही अशीच शिडी आहे, तालुका किंवा महापालिका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि मग राष्ट्रीय. मधल्या पायऱ्या गाळून साडेआठ हजारांत थेट गच्चीवर नेणारा माणूस तुला खेळायला नेत नाहीये. अशा स्पर्धांत अनेकदा संघ मोजके असतात आणि परत येताना सगळ्यांच्याच गळ्यात पदक असतं. संघटनेचं नाव मोठं असतं, "अखिल भारतीय" आणि "फेडरेशन" दोन्ही शब्द त्यात असतात. खो-खोची मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटना भारतीय खो-खो महासंघ आहे. स्पर्धा तिची, शालेय क्रीडा महासंघाची किंवा विद्यापीठांची नसेल, तर त्या कागदाचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरता.

नोकरीचं म्हणशील तर सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण कुठल्या पदाला कुठल्या पातळीवरची कामगिरी लागते, हे शासन निर्णयात ठरलेलं आहे, आणि "भाग घेतला" एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागत नाही. प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी होते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरीला लागलेल्यांवर आपल्या राज्यात गुन्हे दाखल झालेत, मिळालेल्या नोकऱ्या गेल्यात. हे गृहस्थ तेव्हा पोलीस ठाण्यात तुझ्या शेजारी उभे राहणार नाहीत. साडेआठ हजारांसाठी तुझ्या आईला किती हजार विड्या वळाव्या लागतात, ते आज तिला विचार. आणि त्या पैशातून मॅटवर चालणारे चांगले बूट घे. उरतीलही.

खऱ्या प्रमाणपत्राचा एक उपयोग मात्र नजरेतून सोडू नकोस. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. तुझं दहावीचं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र बारावीला चालतं का आणि यंदा काय खेळावं लागेल, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात स्वतः जाऊन विचार. प्रस्ताव कॉलेजमार्फत जातो, त्याला मुदत असते, आणि हजेरीपुरत्या कॉलेजात ती मुदत कुणाच्याही लक्षात राहत नाही. ती तुझ्या भिंतीवर लिहून ठेव.

अमेरिकेच्या रीलबद्दल फार लिहीत नाही. तिथे कॉलेजचा खेळ म्हणजे मोठा कारभार आहे, तो प्रामुख्यानं एनसीएए ही संस्था चालवते. तिच्यात तीन श्रेणी आहेत आणि तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथल्या हायस्कुलात खेळणाऱ्या शंभर मुलांतली जेमतेम सहा-सात पुढे या कॉलेजांत खेळतात, आणि ती तिथलीच, त्याच मैदानांवर वाढलेली. टेनिस, पोहणं, धावणं यांत आपल्याकडची काही मुलं जातात. खो-खो त्यांच्या यादीतच नाही. मामेभावाला म्हणावं, रील बघ, पण मला पाठवू नकोस.

बारावीच्या वर्षाचं काय करायचं? मी असं करीन. जून ते दिवाळी रोज सकाळी दीड तास मैदान. उशिरापर्यंत जागून पहाटे मैदानावर यायचं सोंग करायचं नाही, रात्री दहाला झोपायचं. खो-खो संघटनेच्या कुमार गटाला वयाची अट अठरा वर्षांखालील आहे, म्हणजे बहुधा तुझं हे शेवटचं वर्ष. शालेय स्पर्धा हुकली असली तरी क्लबमधून जिल्हा निवड चाचणीला बसता येईल. सरांना आत्ताच सांग, "मला चाचणीला उभं करा." पुण्याच्या गप्पांपेक्षा त्यांनी हे केलेलं जास्त उपयोगी. दिवाळीनंतर सामने बंद. आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं, फक्त धावणं आणि पायांचे व्यायाम. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जायचंच असेल तर एक संध्याकाळ जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. सीईटी वगैरे आटोपली की मेच्या उन्हात दुपारी मैदानावर जायचा वेडेपणा करू नकोस. आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो आणि दरवर्षी कुणीतरी चक्कर येऊन पडतं.

एक कानात सांगायचं काम. सिव्हिलमध्ये जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयाच्या कितीतरी मुली "दम कमी पडतो" म्हणून धावण्याच्या फेऱ्या वाढवत बसतात आणि रक्तच कमी असतं. पाळी दोन-तीन महिने चुकत असेल तर लपवू नकोस, डॉक्टरांना सांग. गुडघ्यात वळताना "कट" झाल्यासारखं होऊन सूज आली तर तेल चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. खांबाशी झपकन वळताना मुलींचे गुडघे जातात आणि मग वर्ष जातं. प्रोटीनच्या डब्याबद्दल विचारलं नाहीस, पण विचारशील. भाकरी, शेंगाचटणी, उसळ, जमत असतील तर अंडी, एवढं वेळेवर खाल्लंस तरी पुष्कळ आहे.

राहिले पप्पा.

ते चुकतायत, असं मी म्हणणार नाही. मागाच्या खडखडाटात बारा तास उभं राहिलेल्या माणसानं मुलीच्या शिक्षणावर सगळं लावलंय. त्यांना वाटतं, खेळानं ते निसटेल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं, कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. हे तू त्यांना सांगशील आणि ते म्हणतील, "बरं मग?" आपल्या शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेंना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. घरात एक वेळचं जेवण मिळण्याची मारामार असताना त्या खेळल्या, पुढे भारताच्या कर्णधार झाल्या. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापुरात क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. हे उदाहरण मला फार आवडतं. तरी पप्पांपुढे ते ठेवू नकोस. बाप माणूस लगेच हिशोब करतो, की अशा एकीमागे किती जणी घरी बसल्या. तो हिशोब खोटा नसतो.

त्यांना कळेल असं काहीतरी सांग. किती वाजता जाणार, किती वाजता येणार, बरोबर कोण. दिवाळीपर्यंत किती, दिवाळीनंतर किती. पहिल्या चाचणी परीक्षेत अमुक टक्क्यांखाली आले तर महिनाभर मैदान बंद, हे तू स्वतःहून कबूल कर. आकडा तूच सांग, आणि तो पाळ. गोव्याचे साडेआठ हजार मी मागणार नाही, हेही सांग. ते ऐकून त्यांचा अर्धा राग तिथेच उतरेल. नोकरीचं आश्वासन मात्र देऊ नकोस. खेळातून नोकरी लागेलच, असं कुणीच सांगू शकत नाही, आणि उद्या लागली नाही तर तुझ्या तोंडचं ते वाक्य घरात वर्षानुवर्षं ऐकू येईल.

हे बोलणं रात्रपाळीवरून ते आल्या आल्या काढू नकोस. आईला आधी सांगून ठेव. विड्यांच्या सुपाशी बसून तिच्याशी बोलणं सोपं जाईल, आणि घरातले बरेचसे निर्णय तिथेच होतात, हे तुलाही माहीत असेल.

आणि वही लागते ती दुसरी जागा ही. तू लिहिलंस, त्यांनी तुला कधी खेळताना पाहिलेलं नाही. पुढचा सामना त्यांच्या सुटीच्या दिवशी कधी येतो ते बघ, शहरातलाच असू दे, आणि त्यांना घेऊन जा. येणार नाहीत म्हणाले तर भावंड असेल त्याच्या, नाहीतर शेजारच्या काकांच्या गळ्यात त्यांना घालून आण. तिथे पोचल्यावर घड्याळ त्यांच्या हातात दे आणि वही उघडून दे. "पप्पा, मी आत गेले की चालू करायचं, बाद झाले की बंद. इथे लिहायचं." मागावर काम करणारा माणूस हाताला काम नसेल तर कुठेही दहा मिनिटांत कंटाळतो. घड्याळ हातात असेल तर डोळे हलणार नाहीत.

सामना झाला की मला पुन्हा पत्र लिही. दोन्ही डावांची पळती लिही, आणि वेळ पप्पांच्याच अक्षरात असेल तर त्या पानाचा फोटो जोड.